घरच्या दुरुस्तीची हत्यारं: सेट घ्यावा की लागेल तसा एकेक पाना?

काळीमाती (परभणी)

राम राम मंडळी. घरी एक स्प्लेंडर, वडिलांचा जुना मॅसी ट्रॅक्टर, विहिरीवर पाच एचपीची मोटार, दोन कुलर आणि एक छोटी गिरणी आहे. यातलं काहीही बंद पडलं की मिस्त्री यायला दोन दिवस लागतात, आणि आपणच घेऊन गेलो तर आपला दिवस मोडतो. म्हणून वर्षभरापासून जमेल तेवढं स्वतः करायलोय.

मागच्या रविवारी ट्रॅक्टरच्या मडगार्डचा ब्रॅकेट सोडवायला बसलो. बोल्ट गंजलेला होता. १३ चा पाना लावला. थोडा हलत होता, पण बसला. जोर लावला तर पाना फिरला, बोल्ट जागचा हलला नाही. आता डोक्याचे कोपरे गेलेत, अर्धं गोल झालंय. वडील काही बोलले नाहीत. पाना हातात घेऊन त्याचं तोंड दोनदा पाहिलं आणि जागेवर ठेवला. ते मला जास्त लागलं.

दोन गोष्टी विचारायच्यात. तुमच्या हातात सगळ्यात जास्त कोणतं हत्यार असतं, साधं किंवा विजेवरचं? आणि दुकानात ४६ नगांचा गोटी (सॉकेट) सेट पाहून ठेवलाय, तो घेऊ का? बोल्ट कसा काढायचा तेही सांगा, रोज जाता-येता दिसतोय.

सहासूत (जालना)

बाळा, चूक हाताची नाही, मापाची आहे. तुझा ट्रॅक्टर इंची आहे आणि तू त्याला मिलिमीटरचा पाना लावलास.

मी आयटीआयला फिटर ट्रेडला होतो तेव्हा सर आधी सूत शिकवायचे, पाना नंतर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तुझ्या बोल्टचं डोकं चार सुताचं असणार, म्हणजे १२.७. त्यावर १३ चा पाना गेला की ०.३ मिलिमीटर जागा मोकळी राहिली. वहीच्या तीन पानांएवढी. साध्या बोल्टला ती खपते. गंजलेल्या बोल्टवर पाना सपाट बाजूला टेकतच नाही, सगळा जोर कोपऱ्यावर येतो आणि कोपरा जातो.

आता पाठ कर. सहा सूत म्हणजे १९.०५, तिथं १९ चा पाना बिनधास्त लाव. पाच सूत १५.८७५, तिथं १६ चालतो. साडेसात सूत २३.८१, तिथं २४ चालतो. पण साडेचार सूत म्हणजे १४.२९. १४ जात नाही, १५ खेळतो. साडेपाच सूत १७.४६, तिथं १७ बसत नाही आणि १८ डोकं खातो. या दोन मापांनी आमच्या भागातले जितके बोल्ट गोल केलेत तितके गंजानं केले नसतील.

महिंद्राचं पण तसंच. त्यांनी १९६३ साली ट्रॅक्टर सुरू केले ते अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीनं, बी-२७५ मॉडेलवर. तेही इंची. त्यामुळं मराठवाड्यात शेतकऱ्याच्या पेटीत इंची आणि मिलिमीटर दोन्ही लागतात, आणि दोन्ही वेगळ्या पिशवीत लागतात. एकत्र ठेवलं की अंधारात हाताला येईल ते लागतं.

माझं आवडतं हत्यार विचारशील तर रिंग पाना. सहा सुताचा एक माझ्याकडं नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आहे, नाव त्यावरूनच घेतलंय.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

काकांनी मापाचं सांगितलं, मी सेटचं सांगतो. वाळूजला लाईनवर काम करतो, दिवसभर गोट्याच हातात.

४६ नगांचा तो सेट बहुतेक पाव इंची ड्राइव्हचा असतो (ड्राइव्ह म्हणजे दांड्याचं चौकोनी टोक, ज्यावर गोटी बसते), गोट्या ४ पासून १४ पर्यंत. स्क्रूचे बिट, एलन की वगैरे धरून ४६ भरतात. मिक्सर, कुलर, सायकल, गाडीचं साईड कव्हर, एवढ्याला उत्तम. घरात असलाच पाहिजे. पण त्याचा रॅचेट, म्हणजे टकटक करत एकाच बाजूला जोर देणारा दांडा, ट्रॅक्टरच्या बोल्टला लावशील तर आतली दातरी तुटेल. ट्रॅक्टरला अर्धा इंची ड्राइव्ह, लांब दांडा आणि चार-पाच मापांच्या गोट्या. बस.

गोटी घेताना आत बघ. काहींना बारा कोन असतात, काहींना सहा. बारा कोनी पटकन बसते, अडचणीच्या जागी थोडं फिरवलं तरी पकडते. पण ती कोपऱ्याच्या अगदी जवळ पकडते. सहा कोनी सपाट बाजू धरते. गंजलेल्या, थोड्या खराब झालेल्या बोल्टला सहा कोनीच. तुझ्या बोल्टवर आधी हीच चालव.

आणि एक. चकचकीत गोट्या हातानं वापरायच्या. इम्पॅक्ट मशीनला काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या येतात, त्याच लावायच्या. चकचकीत गोटी झटक्यानं तडकते आणि तुकडा अंगावर येतो.

गोदाकाठची (नांदेड)

माझ्या हातात सगळ्यात जास्त मल्टिमीटर असतो. ट्रॅक्टर नाही माझ्याकडे, शाळेत शिकवते, पण घरातलं विजेचं सगळं मीच बघते. गल्लीतल्या बायकाही आता मिक्सर घेऊन येतात.

इथं मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि त्याच वेळी पंखा हळू फिरायला लागतो. लोक पंखाच बदलतात. नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या अनुभवात, दोष कपॅसिटरचा असतो. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो. कपॅसिटर मोजायची सोय असलेला मल्टिमीटर घ्या. आकडा १.५-१.७ दाखवू लागला की बदला, पंखा पुन्हा नव्यासारखा. हात लावण्याआधी मेन बंद, आणि कपॅसिटरची दोन टोकं एखाद्या बल्बच्या तारांना टेकवून रिकामी करायची.

दुसरं, टेस्टरवर सगळा विश्वास टाकू नका. न्यूट्रल तुटलेला असला तर उपकरण चालत नाही, पण टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. उपकरणातून फिरून आलेला करंट न्यूट्रलवर दिसतो तो. आणि ऊन मोठं असेल, पायात जाड रबरी चप्पल असेल तर टेस्टर पेटलेला दिसतच नाही. मल्टिमीटर फेज-न्यूट्रलमध्ये लावला की खरं कळतं. आमच्या वाड्यात एकदा टेस्टर पेटला नाही म्हणून एकानं तार धरली होती. वाचला, पण हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत.

काळीमाती (परभणी)

सहासूत काका, खूप आभार. आत्ताच वडिलांना विचारलं. त्यांनी कोठीतून गोणपाटात गुंडाळलेले सात रिंग पाने काढून दिले. सगळे इंची. इतकी वर्षं घरात होते, मला माहीत नव्हतं. चारचा लावून पाहिला, पण कोपरे गेल्यानं आता तोही फिरतो.

ताई, पंख्याचं उद्याच बघतो.

मांजराकाठ (लातूर)

ज्याची विहीर किंवा बोअर आहे त्यानं आधी क्लॅम्प मीटर घ्यावा, म्हणजे तारेभोवती चिमटा धरून करंट मोजणारा मीटर, बाकी सगळं नंतर. आमच्या दोन मोटारी जळाल्या तेव्हा मला हे कळलं. दोन्ही वेळा एक फेज गेला होता आणि मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली. रात्रीची लाईट, आपण झोपेत.

पाच एचपीची मोटार पूर्ण लोडवर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे एचपीमागं दीड धरा. स्टार्टरमधून निघणाऱ्या तीन तारा एकेक करून क्लॅम्पमध्ये धरायच्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक शून्य आला तर फेज गेलाय. तिन्ही वाढलेले असतील तर पंपात गाळ अडकलाय, बेअरिंग जाम आहे किंवा व्होल्टेज पडलंय. तिन्ही कमी असतील तर पाणी खाली गेलंय, पंप हवा ओढतोय. आकडा वाचायला शिकलात की मोटार वर न काढता निम्मं निदान होतं.

नवीन माणूस अख्खी केबल क्लॅम्पमध्ये धरतो आणि मीटर शून्य दाखवतं म्हणून मीटर परत करतो. सगळ्या तारा एकत्र धरल्या की त्यांचे करंट एकमेकांना मारतात. तार एकटीच धरायची.

बोअरची मोटार स्वतः काढणार असाल तर पाईप पाने दोन लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. १८ इंचीच्या खाली घेऊ नका. खालच्या पाईपाला क्लॅम्प आवळल्याशिवाय वरचा जोड सोडायचा नाही, नाहीतर मोटार, पाईप, केबल सगळं दोनशे फुटांवर जाऊन बसतं.

नवेहात (औसा)

सगळे जुनीच हत्यारं सांगायलेत. आता बॅटरीवरचं सगळं मिळतंय, ड्रिल, इम्पॅक्ट, ग्राइंडर. शेतात लाईट नसली तरी काम होतं. मी बॅटरीचा चार इंची ग्राइंडर घेतलाय, दोन अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांसोबत. पण गेट कापताना बॅटरी पाच मिनिटांतच संपली. मशीन खराब लागलं का?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

मशीन ठीक आहे भाऊ, हिशेब बघ. बॅटरी १८ व्होल्टची धरली तर १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॉट-तास. वायरचा साधा चार इंची ग्राइंडर सहाशे-साडेसहाशे वॉटचा असतो. तेवढ्या लोडवर ३६ वॉट-तास चार मिनिटंही पुरत नाहीत. तुझी पाच मिनिटं चालली म्हणजे तू दमानं कापत होतास.

ज्या कामात ताकद क्षणभर लागते तिथं बॅटरी शोभते. चाकाचे नट सोडणं, पत्र्याला स्क्रू मारणं, एखादं भोक पाडणं. सतत कापणं, घासणं याला वायरचाच ग्राइंडर. शेतात करायचं असेल तर चार-पाच अँपिअर-तासांची बॅटरी घे. आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नको. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या नाहीत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या आतून लवकर म्हाताऱ्या होतात.

सहासूत (जालना)

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर जरा थांबून बोलतो, कारण घरात येणाऱ्या हत्यारांत सगळ्यात उपयोगी तेच आणि सगळ्यात जास्त माणसं त्यानंच जखमी झालेली मी पाहिलीत.

चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. चार इंची कटिंग चकतीवर १५,२०० च्या आसपास, सात इंचीवर ८,५०० च्या आसपास. चकती मोठी तितका तिच्या कडेचा वेग जास्त, म्हणून मोठीला फेरे कमी. चार इंची मशीन मिनिटाला ११,००० फेरे मारतं. त्याचं गार्ड काढून वर मोठी चकती बसवली की चकती तिच्या मर्यादेच्या पुढं फिरायला लागते. शेजारच्या वर्कशॉपमध्ये एका पोरानं हेच केलं होतं. गार्ड अडचण करतंय म्हणून काढलं, सात इंचीची झिजून लहान झालेली चकती लावली. वाटलं, झिजलीय, बसतेय, काय होतंय. ती फुटली. तुकडा गालातून गेला. डोळा अर्ध्या इंचानं वाचला. तो पोरगा आज चाळिशीचा आहे आणि चष्म्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही, दुसऱ्याला लावू देत नाही.

लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला कधीही लावायची नाही. लाकडात दात अडकला की मशीन हातातून उलटं येतं, ते कुणाच्यानं धरून राहत नाही.

चकतीच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीचं महिना-वर्ष असतं ते बघा. कटिंगच्या चकतीनं घासायचं नाही, ती पातळ असते, आडवा दाब तिला सोसत नाही. ठिणग्या कुठं पडतायत ते आधी बघा. कापूस, कडबा, बारदान जवळ असेल तर काम दुसरीकडं न्या. सैल बाही, उपरणं, गळ्यातला गमछा काढून ठेवा.

हातानं भागतंय तिथं हॅक्सॉ वापरा. दात पुढच्या बाजूला, पुढं जाताना दाब, मागं येताना हलका हात. पातळ पत्र्याला बारीक दाताचं ब्लेड. दोन तरी दात सतत धातूवर राहिले पाहिजेत, नाहीतर ब्लेड अडकून तुटतं.

शिरूरकासार (बीड)

गाडीवाल्यांचं कुणी बोलेना. माझ्या हातात रोज टी पाना. ८, १०, १२, १४ एवढ्या चार टी असल्या की स्प्लेंडरचं बहुतेक काम होतं. माणसं उगाच १३ शोधत बसतात, पण जपानी मापात ८ मिलिमीटर बोल्टचं डोकं १२ चं असतं आणि १० मिलिमीटरचं १४ चं. ऑइल काढायच्या बोल्टला १७ ची रिंग. प्लगला १६ चा प्लग पाना.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूला साधा फुली स्क्रू ड्रायव्हर लावून स्क्रू खराब केलेले किती जण? मी तर चार केले. पुढं कळलं की जपानी गाड्यांवरची फुली वेगळी असते, जेआयएस म्हणतात तिला. आपला नेहमीचा फिलिप्स तिच्यात तळापर्यंत जात नाही आणि जोर वाढला की वर उचलला जातो. जेआयएस ड्रायव्हर मिळवा. नसेल तर हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, मागून हातोडी मारली की दाबतो पण आणि फिरवतो पण. अडकलेले स्क्रू त्यानं सुटतात.

मांजराकाठ (लातूर)

जॅकबद्दल दोन ओळी. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर जॅक थेट जमिनीवर ठेवू नका. वर गाडी उचलायच्या ऐवजी खाली जॅक रुततो, तोही तिरका. खाली दीड-दोन इंची जाड फळी, हातभर लांब-रुंद. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. लोखंडी घोडी लावा, नसेल तर लाकडी ओंडके आडवे-उभे रचा. विटा आणि दगड नाहीत, ते न सांगता फुटतात.

सहासूत (जालना)

काळीमाती, आता तुझा बोल्ट. घाई करू नको.

आज संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आटे आणि डोक्याची कड साफ कर. गंज सोडवायचा स्प्रे मार, नसेल तर डिझेल. रात्रभर राहू दे. सकाळी डोक्यावर सरळ दहा-बारा ठोके, जोरात नको, टिचक्या दिल्यासारखे. त्यानं गंजाची पकड मोडते. मग सहा कोनी गोटी, गोल झालंय म्हणून जरा लहान मापाची, हातोडीनं ठोकून बसव. आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलव, मग सोडायच्या. पाव फेरा सुटला की परत आवळ, तेल दे, परत सोड. पुढं-मागं, पुढं-मागं.

तेवढ्यानं झालं नाही तर वेल्डिंग. एक साधा १० मिलिमीटरचा नट घे, जस्ताचा चकाकणारा मुलामा असेल तर कानशीनं घासून काढ, त्याचा धूर छातीत जातो. तो नट गोल डोक्यावर ठेवून मधल्या भोकातून वेल्ड भर, १२ नंबरच्या कांडीनं. उष्णतेनं गंज सुटतो आणि पाना लावायला नवीन डोकं मिळतं. लाली गेली की, पूर्ण थंड व्हायच्या आत, पाना लाव.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, अर्थिंगचा चिमटा बोल्टच्या अगदी जवळ लावायचा, आणि स्प्रे किंवा डिझेल पुसून वाळवून घ्यायचं. डिझेलची टाकी आणि पाईप तिथून किती लांब आहेत ते बघून मला सांग. जवळ असतील तर हे घरी करायचं नाही.

गोदाकाठची (नांदेड)

आणि वेल्डिंगला काच लावूनच. बघणाऱ्या लेकरांनाही लांब ठेवा. आमच्या गल्लीत एक मुलगा रात्रभर डोळ्यांवर ओला बोळा ठेवून रडत होता.

काळीमाती (परभणी)

निघाला!

वेल्डिंगची गरज पडली नाही. दोन रात्री तेलात ठेवला. सकाळी ठोके दिले, १२ ची सहा कोनी गोटी ठोकून बसवली. अर्धा इंची दांडा वडिलांनी धरला, मी गोटी दाबून धरली. आधी आवळायच्या बाजूला एक बारीक "टक" ऐकू आला. वडील म्हणाले, "थांब, आता तेल दे." पंचवीस मिनिटं पुढं-मागं केलं आणि हातानं फिरायला लागला.

सेट घेतला नाही. अर्धा इंची दांडा, सहा कोनी गोट्या पाच, क्लॅम्प मीटर आणि कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर घेतला. पक्कड नाशिकची टापरिया, ती आधीचीच आहे. वडिलांचे सात पाने रॉकेलनं धुतले, तेलाचा हात फिरवला. खंडेनवमीला पाटावर मांडतो तेव्हा या वर्षी तेही मांडणार.

ताई, पंख्याचा कपॅसिटर १.६ निघाला. बदलला. आई म्हणाली, वारं लागायलंय.

काका, आता नवीन बोल्ट आणायचाय. दुकानदार विचारतोय बारीक आट्याचा की जाड आट्याचा. कसं ओळखू?

सहासूत (जालना)

जुना बोल्ट फेकला नाहीस ना? त्याला इंची पट्टीवर आडवा ठेव. आटे चांगले असतील तिथं अर्ध्या इंचात किती टोकं येतात ते मोज. चार सुताच्या डोक्याचा बोल्ट अडीच सूत जाडीचा असतो, ५/१६. त्याला जाड आटे असतील तर इंचाला १८, म्हणजे अर्ध्या इंचात ९. बारीक असतील तर इंचाला २४, म्हणजे १२. दुकानात मिलिमीटरचा ८ चा देतील, दिसायला तसाच दिसतो, दोन-तीन फेरे जातोही. तो घेऊ नको, भोकातले आटे जातील.

काळीमाती (परभणी)

मोजले. वडिलांनी पण मोजले. बारा आहेत.